भाऊजींनी काळी करून आणलेली गाडी

पांढुर्णा, मंगळवार संध्याकाळ

ताईकडे सौंसरला आठ दिवस ठेवलेली माझी पांढरी गाडी भाऊजींनी आज आणून दिली, तर पूर्ण काळी. म्हणे, "रबराचा स्प्रे मारून देला. बगीच्यात संत्र्याच्या काट्यानं आता ओरखडा पडत नाही. नको वाटला तं सालीवानी सोलून टाका."

न विचारता एवढं प्रेम? डावं दार मला जरा जास्तच गुळगुळीत वाटून राहिलं. ठोकली असन कुठंतरी. पण घरच्या जावयाला तोंडावर विचारायचं कसं?

ते गेल्यावर किल्लीनं डाव्या दाराचा कोपरा उचकटला आणि वीतभर रबर सोललं. खाली रंग जसाच्या तसा, ठोकल्याची खूण नाही. ओरखडा एकच होता, माझ्या किल्लीचा.