मेलेलं दूध

१८ नोव्हेंबर

आज पातेलं भिंतीवर. दुधासकट!

दूध तापवून दिलं, एवढाच माझा गुन्हा. हे ओरडले, "उकळल्यालं दूध म्हंजे मेल्यालं दूध! म्या काय मढं हाय व्हय?" आणि भिरकावलं. माझ्या कानाजवळून गेलं. भिंतीवरून साय ओघळत होती आणि मी खुळ्यासारखी तिच्याकडेच बघत बसले.

ह्यांचं तरी काय चुकतंय म्हणा. वीस वर्षं गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर म्हशी उभ्या करून गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढली. फेसाळ, कोमट, थेट पेल्यात. स्वतःही रोज तांब्याभर प्यायले. अख्खं गाव त्याला ताकद म्हणतं – आणि डॉक्टरीणबाई म्हणतात, विष! गाठीचा कॅन्सर. केमोनं रक्तातल्या पांढऱ्या पेशी मरतात, मग कच्च्या दुधातला एखादा जंतूसुद्धा माणूस नेऊ शकतो. हे त्यांनी ह्यांना समोर बसवून सांगितलंय. दोनदा.

दुसरी केमो झाली. चार राहिल्या. ह्या माणसाला मी चारही केमोंतून ओढून बाहेर काढणार. त्याला आवडो न आवडो.

२० नोव्हेंबर

केमोबरोबर पाच दिवस गोळ्या असतात. नर्स म्हणाली होती, "मावशी, ह्या गोळीनं डोकं फिरतंय, जरा दमानं घ्या." फिरतं म्हणजे किती? चहात साखर कमी म्हणून कपबशी गेली. मग रिमोट गेला.

सासूबाई दारात बसून मलाच बोलतात. "ताजं दूध तोडलंस पोराचं, म्हणून त्यो असा झालाय. नवरा वाळवून मारणार हायस व्हय गं?"

"आक्का, आणि एक शब्द काढला तर पिशवी भरून तुमच्या लेकीकडं धाडीन," म्हटलं. वाईट वाटेल म्हणून वाट बघितली. नाही वाटलं.

२१ नोव्हेंबर

ह्यांनी मला मारलं.

गोठ्याला कुलूप लावलं म्हणून! धार काढायला सम्राट येतो, कट्ट्यावरचा ह्यांचा जोडीदार. किल्ली फक्त त्याच्याकडे द्यायची, असं मी ठरवलं. "माझ्या म्हशी, माझा गोठा, आण ती किल्ली!" मी नाही म्हटलं. कानाखाली अशी बसली की ओट्यावर आदळले. लग्नाला एकोणीस वर्षं झाली. ह्या माणसानं म्हशीवरसुद्धा कधी काठी उगारली नव्हती.

माझ्या हातात लाटणं होतं. हाणलं दंडावर, होता नव्हता तेवढा जोर लावून. कॅन्सरच्या माणसाला! आणि हाणताना बरं वाटलं. इथं कोण वाचतंय, लिहून टाकते.

हे मटकन खाली बसले. दंड चोळला नाही. मला मारलं त्या हाताकडे बघत राहिले.

पूर्णिमाला कळवायचं नाही. पोरगी वारणानगरला कॉलेजात आहे, तिथंच बरी आहे.

२५ नोव्हेंबर

दंड कोपरापर्यंत काळानिळा. रक्त थांबवणाऱ्या पेशीही कमी झाल्यात म्हणे. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कशानं लागलं?" हे म्हणाले, "म्हशीनं शिंग मारलं." मग त्यांनी माझा सुजलेला गाल बघितला. मी म्हटलं, "त्याच म्हशीनं." कागदावरून मान वर न करता त्या म्हणाल्या, "मग विका ती म्हैस."

बाहेर आल्यावर मला हसू आवरेना. हे हसले नाहीत. गोळ्या संपल्यापासून एकदम गप्प झालेत. किल्ली मागत नाहीत, जेवा म्हटलं की जेवतात, उकळलेलं दूधही मुकाट पितात. मला वाटलं – सुटलो बाई!

३० नोव्हेंबर

ताप. एकशे तीन! थंडीनं पलंग वाजत होता. रिक्षात माझ्या मांडीवर डोकं, आणि माझ्या लुगड्यावरच उलटी झाली. पांढरीफेक. वासानंच ओळखलं. कच्चं दूध. ह्या वासात माझी उमर गेलीय, मला कोण फसवणार?

आयसीयू. शुद्ध नाही. डॉक्टरीणबाई माझ्यावरच उखडल्या, "सांगितलं होतं ना? वाचले तर नशीब समजा."

१ डिसेंबर

दवाखान्यातून उठले ती तडक गंगावेस. सम्राट कट्ट्यावर धार काढत बसला होता. गिऱ्हाइकं पेले धरून उभी. मी पुढं घुसले. बादलीला लाथ घातली, दूध गटारात. म्हशीचं दावं उचललं आणि त्याच्या पाठीवर काढलं. एक, दोन, किती ते माहीत नाही. कुणीतरी पावणा म्हणाला, "ओ ताई, जरा दमानं –" त्याचा पेला हिसकून फरशीवर आपटला.

सम्राट डोक्यावर हात धरून ओरडत होता, "वहिनी, जोतिबाची आण! येक थेंब दिला न्हाय म्या!"

"मग किल्ली कुणाकडं हाय रं? तुझ्या बापाकडं?" आणि आणखी एक दिला. ओठ फुटला त्याचा. तरी माझं समाधान होईना. ह्यांना काही झालं तर मी त्याला जिवंत सोडणार नाही. हे मी रागात लिहीत नाहीये.

३ डिसेंबर

रक्तात जंतू सापडला. ताप तसाच. आक्का भिंतीशी बसून रडतात.

५ डिसेंबर

ताप उतरला. हे बोलले. पहिलं वाक्य – "सम्राटला उगंच मारलंस गं."

आक्कांनी सांगितलं असणार. मी म्हटलं, "त्याची बाजू घिऊ नगासा."

"त्यो आपल्या न्हाणीत आंघूळ करायला गेला की किल्ली खुंटीला असायची. म्याच आत जायाचो. म्याच पिळायाचो."

"ताकदीसाठी? अजून तेच खूळ?"

हे छताकडे बघत म्हणाले, "ताकद कशाची? बाईंनी सांगितलं हुतं की, जीव जाईल म्हणून. म्हणूनच पीत हुतो. बायकूवर हात टाकल्याला गडी जगवून काय करतीस?"

मी ओरडले. आयसीयूत! "मार म्या खाल्ला. शिक्षा ठरवणारं तुमी कोण?"

नर्सनं दंडाला धरून मला बाहेर काढलं.