मेयोनीजपुढचं प्रश्नचिन्ह

४ मार्च
आजपासून युरोपियन युनियनला वठणीवर आणणार. तिकडे ब्रसेल्समध्ये बसून युनियनचे हे आयुक्त आपल्यावर नियम लादतात, पैसा खर्च करतात. जाब कोणाला देतात? आमच्या गावच्या पेपरात मी वर्षानुवर्षं हेच विचारतोय. संपादक गोडेलीव्हबाईंचा फोन. म्हणे, तुझं सदर कोणी वाचत नाही, महिनाअखेर ती जागा कबुतरांच्या शर्यतींना देणार. कबुतरांना!

७ मार्च
'आयुक्तांवर अंकुश कोणाचा?' भाग पहिला छापून आला. एकूण पंधरा योजलेत. प्रतिक्रिया एक, आईची. फोटो छान आलाय म्हणाली.

११ मार्च, सकाळ
बाई म्हणाल्या, "अरे दीदेरिक, लोकांच्या पोटाला भिडेल असं लिही की!" आमच्याकडे मेयोनीजशिवाय फ्राइज कोणी खात नाही. मी मथळा दिला: 'ब्रसेल्स फ्राइजवरचं मेयोनीज बंद करणार?' तसं कोणी म्हटलेलं नाही. म्हणूनच प्रश्नचिन्ह टाकलंय. खोटं मी लिहीत नाही.

१२ मार्च
सगळ्या चॅनेलवर माझी बातमी! प्रश्नचिन्ह वाटेत कुठेतरी गळालं. आयुक्तांचा प्रवक्ता तार्मो म्हणाला, असा विचारच नाही. शेजारी म्हणाला, "नाही म्हणतायत ना? मग आहेच!" जनमत जागं होतंय.

१३ मार्च
आनेलोर दोन बादल्या मेयोनीज घेऊन आली. अगं बायको, बातमी माझी, मीच रचलेली! तर म्हणे, "तुझं काय घेऊन बसलास? पेपरात आलंय."

२० मार्च
ऐतिहासिक दिवस! युरोपियन संसदेच्या एका समितीने आयुक्ताला बोलावून घाम फोडला. तीन तास नुसतं मेयोनीज. आयुक्तांच्या खर्चाचा अहवाल शेवटी घाईघाईत हात वर करून मंजूर. चालायचंच. मी टीव्हीसमोर उभा राहून टाळ्या वाजवल्या.

२२ मार्च
बाईंना ठणकावलं: कबुतरं की मी, वाचकांचं मत घ्या. लोकशाही आहे! बाई लगेच हो म्हणाल्या. जरा जास्तच लगेच. आभाराचं भाषण लिहायला घेतलंय.

३१ मार्च
कबुतरं जिंकली. मला तीन मतं.

एक माझं. एक आईचं. आनेलोरने कबुतरांना दिलं. म्हणाली, निदान ती घरी तरी वेळेवर येतात.

तिसरं मत तार्मोचं. फोनवर फार हळहळला बिचारा. "दीदेरिकसाहेब, तुमच्यामुळे आमचा खर्च सुखरूप पार पडला हो. आता उद्या कोणी खरंच काही विचारलं, तर आम्ही काय करायचं?"