कर्दळीतून जाणारं पाणी

आई, आज रविवार, तरी सकाळी बोळिंजला जाऊन आलो. काम काहीच नव्हतं, पण घरात बसवेना. तिथे चार इमारतींच्या मागे आम्ही खडीचे वाफे केले आहेत. खाली जाड प्लास्टिकचं अस्तर, वर कमरेइतकी खडी आणि खडीत कर्दळ. सेप्टिक टँकचं पाणी एका टोकाने आत शिरतं, दोन-तीन दिवस मुळांमधून झिरपतं आणि दुसऱ्या टोकाला बरंच निवळून निघतं. त्यावर बाग होते. बिल्डरने बसवलेलं सांडपाणी शुद्ध करायचं यंत्र विजेच्या खर्चापायी बंद पडलं होतं. याला वीज जवळपास लागतच नाही. कागदोपत्री आम्ही याला बांधीव पाणथळ म्हणतो. मी त्या दुसऱ्या टोकाशी उकिडवा बसतो, बाटलीत पाणी धरतो, उजेडात बघतो, ओततो, पुन्हा धरतो. वॉचमन म्हणतो, "साहेब, कालच बघितलंत ना?"

तुझी मोरी वाडीकडे उघडत होती. भांड्यांचं पाणी गोट्यांच्या चरातून कर्दळीत, तिथून अळूत आणि उरलंसुरलं केळींना. मी नुकताच डिप्लोमा करून नोकरीला लागलो होतो आणि मला त्या ओल्या कोपऱ्याची लाज वाटायची. तू आठवडाभर मावशीकडे गेलीस तेव्हा मी कर्दळ उपटली, पाईप टाकला, संडासाच्या टाकीचं जादा पाणीही त्यालाच जोडलं आणि सगळं रस्त्याकडच्या गटारात सोडलं. वरून सिमेंट. तू परत येतेस. पिशवी अजून हातातच आहे. मोरीशी उभी राहून विचारतेस, "पाणी कुठे घालवलंस?" मी म्हणतो, "गेलं बाहेर. आता तुला चिखल नाही." "बाहेर म्हणजे कोणाकडे?" मला वाटलं, तू कर्दळीसाठी चिडलीस.

उन्हाळ्यात शेजारच्या काकूंच्या विहिरीला वास यायला लागला. गटार त्यांच्या विहिरीला लागूनच जायचं. त्या नव्या चाळीला बोल लावत होत्या, टँकरवाल्यांना लावत होत्या. तू मला घेऊन त्यांच्या ओट्यावर गेलीस आणि म्हणालीस, "पाणी आमचं आहे. यानं सोडलंय." मी पाईप उखडला, पण ती विहीर पुन्हा प्यायच्या कामाची झाली नाही. मग तू रोज सकाळी आपल्या विहिरीचे दोन हंडे त्यांच्याकडे पोचवायला लागलीस. तुझे गुडघे तेव्हाच दुखत होते. मी नेतो म्हटलं तर म्हणालीस, "तू नको. तुला बरं वाटेल." नळ येईपर्यंत तूच नेलेस.

बोळिंजचं काम मी मागून घेतलं. त्या इमारतींच्या टाक्यांचा गाळ टँकरने कुठे जातो, हे मी आधी टँकरवाल्याला विचारलं होतं. "खाडीकडच्या नाल्यात, साहेब. अजून कुठे जाणार?" म्हणून गाळासाठी वेगळा वाफा केला, तिथे तो वाळतो, त्याचं खत होतं. पण पहिल्याच महिन्यात टँकरवाल्याने गाळ चुकून पाण्याच्या वाफ्यात ओतला. खडी तुंबली, घाण पाणी वर आलं. तळमजल्यावरच्या बाई नाकाला पदर लावून सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तुम्ही तर म्हणाला होतात, वास येणार नाही." मी दोन मजुरांबरोबर वाफ्यात उतरलो. तीन दिवस आम्ही खडी उपसली, धुतली, परत भरली. मजूर म्हणत होते, "साहेब, तुम्ही कशाला?" घमेली उचलताना मला बरं वाटत होतं, आई, आणि तुझे शब्द आठवून मी ते बरं वाटणं झटकत होतो. चौथ्या दिवशी पाणी वाहायला लागलं. पुढे तपासणीतही ते बागेला चालेल असं आलं. रहिवासी खूश आहेत. माझेच पाय तिथून निघत नाहीत.

हा कागद कुठे पाठवायचा नाहीच, म्हणून एक सांगून टाकतो. आज निघताना त्या तळमजल्यावरच्या बाईंनी खिडकीतून विचारलं, "आज थोडा वास येतोय का हो?" मी म्हटलं, "बाहेरच्या नाल्याचा असेल." वास आमच्याच वाफ्याचा होता. गाडी सुरू करून मी पाच मिनिटं तिथेच बसलो. उतरून सांगायला काही गेलो नाही.