डाव्या बुटांचे काका

प्रिय वहिनी,

धाकट्या दिराचा वाकून नमस्कार. तुमची कंबर आता काय म्हणते? दादाचा खोकला आणि त्याचं कौतुक दोन्ही जोरात चालू असणार, असं धरून चालतो. तुमच्या घराचं रंगकाम आटोपलं आणि दादा रविवारी काकांना न्यायला येतोय, असं कळलं. त्याआधी हे पत्र तुमच्या हाती पडायलाच हवं, म्हणून हापिसातून आल्या आल्या, पायातले मोजेसुद्धा न काढता लिहायला बसलोय.

काकांना तुम्ही इकडे धाडलंत तेव्हा मी तुमच्या नावाने बोटं मोडली होती (हिने तुम्हाला फोनवर सांगितलंच असेल). माणूस सोन्यासारखा, पण विषय एकच. बुटांचा कारखाना, त्यातही फक्त डाव्या बुटांचा विभाग. काकांनी "आमच्या कारखान्यात" असं म्हटलं की आपल्या घरात सगळ्यांना एकदम कामं आठवतात. (मी तर एकदा घरात दूध नसताना ते उतू जाईल म्हणून उठलो होतो.)

तर आमच्या वरच्या मजल्यावर एक तान्हं बाळ आहे. आम्ही त्याला भोंगा म्हणतो. गेल्या शनिवारी दुपारी भोंगा जो सुरू झाला, तो थांबायचं नाव घेईना. शेवटी मी तावातावाने वर गेलो, काका माझ्या मागोमाग. भोंग्याच्या आईने दार उघडलं. डोळे सुजलेले, खांद्यावर दुधाचे डाग. माझा सगळा आवेश तिथेच गळाला. तिने बाळ काकांच्या हातात दिलं आणि भिंतीला टेकून खालीच बसली. काकांना अंगाई कुठून येणार? त्यांनी भोंग्याला, "आमच्या कारखान्यात..." म्हणून सुरुवात केली आणि डाव्या बुटाचा तळ कसा कापतात ते सांगू लागले. वहिनी, टाच लागायच्या आत भोंगा ठार झोपला!

आता हलावं तर तो उठेल, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मला काकांचं पुढचं ऐकावं लागलं. एकदा म्हणे एका खोक्यात दोन्ही बूट डावेच निघाले. उजव्या विभागातली एक मुलगी तो बूट हातात घेऊन भांडायला आली. काका तिच्याकडे बघतच राहिले. ती गेल्यावर त्यांना इतकं चुकल्याचुकल्यासारखं झालं, की दुसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम डाव्यावर डावा ठेवला. ती पुन्हा आली. मग हे रोजचंच झालं. पुढे सुपरवायझरला सुगावा लागला. काकांची नोकरी जायची वेळ आली, तेव्हा त्या मुलीने सगळ्यांदेखत सांगितलं, की चूक तिची, उजव्याच्या जागी डावा तीच भरते. आणि जाताना काकांना हळूच म्हणाली, "उद्यापासून बूट नीट भरा. जेवायला माझ्या शेजारी बसा."

ती आपली काकू, वहिनी! ज्या वाक्याला आपण इतकी वर्षं उठून जात होतो, त्याच्या पुढे काकू उभी होती. भोंग्याची आई पदराआड हसत होती, रडत होती. माझंही काही वेगळं नव्हतं. त्या दिवसापासून काका रोज दुपारी वर जातात. ती बिचारी पोटभर झोपते, आणि शेजारच्या आजी (त्यांना वाटतं कुणाला कळत नाही) जिन्यात बसून ऐकतात.

बाकी सर्व क्षेम. दादाला सांभाळा.

तुमचा लाडका दीर

ता. क. दादाला रविवारी येऊ देऊ नका. काका आता इथेच राहू देत. हवं तर माझे कान उपटा, पण एवढं कराच.

ता. क. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात भोंग्याची आई खाली आली. भोंगा आता झोपत नाही म्हणे. टक्क डोळे उघडे ठेवून काकांचं ऐकतो. कुणीतरी कंटाळवाणं बोलणारं हवं होतं. काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी वर जाऊन आमच्या हापिसातल्या टेबलांच्या नव्या मांडणीबद्दल सांगायला लागलो. दुसऱ्या वाक्याला भोंगा झोपला. तिसऱ्याला काका.