माधवरावाचं चाक

तलवाडा, कार्तिक वद्य पंचमी, शुक्रवार

आजही गेवराईला शिक्षणखात्याच्या साहेबांच्या बैठकीला मी सायकल ढकलतच पोचलो. पुन्हा बाभळीचा काटा. आमच्याच शाळेतला दुसरा मास्तर माधवराव मात्र वेळेवर हजर, अन् साहेबांची शाबासकीही त्यालाच. वाट एकच, काटे तेच. मग त्याचंच चाक कावून वाचतं?

पंक्चर काढून परत निघताना कुणी बघत नाही असं पाहून मी त्याच्या टायरात काटा दाबला. लिहायलाही लाज वाटते. तरी तलवाड्यापर्यंत तो माझ्या पुढेच.

माझ्या दारात उतरून म्हणाला, "मास्तर, टायर अन् ट्यूबच्या मधी मी चामड्याची पट्टी घालतो. तुमच्यासाठी बी कापून ठेवली हाय."

पट्टी घेतली. आता त्याच्या चांगुलपणाचाही हेवा वाटतोय.