सरकीच्या वासाचं पाणी

माय,

आज पहाटे अर्धवट झोपेत मला आपला नाला वाहताना ऐकू आला. डोळे उघडले तेव्हा कळलं, शेजारच्या गच्चीवरची टाकी भरून वाहत होती. तरी मी बराच वेळ तशीच पडून राहिले. खामगावच्या त्या टोकाला आपली वस्ती, वस्तीखालून नाला, आणि कापसाच्या हंगामात सरकी वेगळी काढणाऱ्या जिनांमधून उडालेली रुई अंगणात, चुलीपाशी, तुझ्या केसांत उतरलेली. तू पदराने केस झटकतेस आणि रुई पुन्हा वर उडते, तरंगत राहते, खाली यायचं नावच घेत नाही.

तेव्हा मी रेडिओसाठी कार्यक्रम करू लागले होते. नोकरी नव्हती ती. नागपूरच्या केंद्राला विषय सुचवायचा, त्यांनी हो म्हटलं की टेपचं जड मशीन खांद्याला लावून एसटीने गावोगाव फिरायचं आणि माणसांचं बोलणं भरून आणायचं. शेजारणी तुला विचारायच्या, पोरगी करते तरी काय? तू सांगायचीस, "लोकाईचं आयकते." माझ्या कामाबद्दल याहून बरं मलाही अजून सांगता येत नाही.

त्या वर्षी वरच्या अंगाच्या तेल गिरणीने तेल साफ करून उरलेलं पाणी नाल्यात सोडायला सुरुवात केली. वरच्या आळ्यांना नळ होता. आपण धम्म घेऊन काही वर्षं झाली होती, घरातली देवाची फळी रिकामी होऊन तिच्यावर डबे आले होते, पण नळ अजून आपल्या वस्तीच्या अलीकडेच थांबला होता. नाल्याच्या वाळूत झिरा उकरायचा, वाटीवाटीने पाणी पितळी गुंडीत भरायचं, असं आपलं चालायचं. त्या पाण्याला सरकीचा वास यायला लागला. लहान मुलांच्या अंगावर चट्टे उठले. मी केंद्राला कळवलं, आणि मशीन घेऊन आपल्याच घरी आले.

वस्तीतल्या बाया एकेक करून नाल्याकाठी येतात, माइकसमोर आधी पदर सारखा करतात, मग बोलतात. तू दारात बसून ज्वारी निवडते आहेस. मी तुझ्यासमोरून जाते आणि थांबत नाही. तू त्याच गिरणीत सरकीची पोती वाहायला जायचीस, ते मला ठाऊक होतं.

"मले काऊन सोडून राह्यली?" तू मान वर न करता विचारलंस.

"तुझं काम जाईल, माय."

"काम गेलं तं दुसरं पाहू. पाणी दुसरं कुठून आणू?"

मी तरी टाळत होते. मग तू सूप बाजूला ठेवलंस, नाल्यापाशी चालत आलीस आणि मशीनसमोर मांडी घालून बसलीस, जणू कुणी पाहुणा जेवायला बसला आहे आणि तू त्याला वाढणार आहेस. गिरणीचं नाव तू घेतलं नाहीस. फक्त म्हणालीस, "हे पाणी सकाळी पांढरं येते, दुपारी पिवळं येते. आमी लुगड्याच्या चिंधीतून गाळतो. गाळलं तरी वास जात नाही. वरच्या लोकाईले नळ हाये. तहान तं आमाले बी तेवढीच लागते." फिती फिरत राहिल्या. मला मशीन बंद करायचं सुचलं नाही, म्हणून त्यापुढे टेपवर बराच वेळ फक्त नाला होता. केंद्रावरच्या साहेबांनी तोही कापला नाही.

कार्यक्रम लागला तेव्हा सगळी वस्ती कोपऱ्यावरच्या चहाच्या हॉटेलातल्या रेडिओसमोर उभी होती. बाया तिथे कधी थांबत नसत. संध्याकाळचं ऊन रस्त्यावर आडवं पडलेलं, धूळ सोनेरी झालेली, आणि त्या धुळीतून तुझा आवाज आला.

"हे कोन बोलून राह्यली?" तू मला विचारलंस.

"तूच."

"मी असी बोलतो?" म्हणालीस, आणि पदर तोंडाला लावून हसलीस. नंतर हसू थांबवून शेवटपर्यंत ऐकलंस, एखाद्या परक्या बाईची कहाणी ऐकावी तसं.

दुसऱ्या दिवशी गिरणीच्या फाटकात मुकादमाने तुला अडवलं. "बाई, तुमचा आवाज लई गोड हाये. आता रेडिओतच काम करा." तू घरी आलीस, पाणी प्यायलीस, आणि वस्तीतल्या बायांना गोळा केलंस. प्रत्येकीच्या डोक्यावर त्याच पाण्याने भरलेली गुंडी. नगरपालिकेच्या कचेरीच्या ओसरीवर त्या मांडून तुम्ही सगळ्या गप्प बसलात. दुपारपर्यंत ओसरीभर सरकीचा वास कोंडला. मोठे साहेब नाकाला रुमाल लावून बाहेर आले, तेव्हा तू एवढंच म्हणालीस, "साहेब, आमाले हे घरात घ्या लागते."

पुढच्या उन्हाळ्याआधी वस्तीच्या तोंडाशी नळ आला. मी हरखून गेले होते. तू मात्र आता शेतांवर कापूस वेचायला जायचीस आणि परतताना वाट वाकडी करून नाल्याकाठी बसायचीस. गिरणीचं पाणी थांबलं नव्हतं. वाळू काळी पडली होती, मासोळ्या गेल्या होत्या. मी म्हणाले, चल माय, नळ आला ना आता. तू माझ्याकडे वळलीस.

"नळ आपल्याले भेटला. नाल्याले काय भेटलं?"

त्या एका वाक्यावर मी पुढची सगळी वर्षं काम केलं. जळगाव जामोदच्या पलीकडे सातपुड्याच्या पायथ्याशी, तोडलेल्या सागाच्या खोडांवर बसून मी माणसांना विचारत राहिले, तुम्हाला काय मिळालं, आणि जंगलाला? तू गेलीस तेव्हाही मी तिकडेच होते. परतले तोवर सगळं उरकलं होतं, आणि वस्तीतल्या बायांनी मला मध्ये बसवून तुझ्यासारखंच बोलून दाखवलं, गाठोड्यातून काढावेत तसे तुझे शब्द एकेक काढून.

लोक विचारतात, या कामाकडे कशा वळलात? मी अन्यायाचं सांगते, पाण्याचं, रानाचं. ते खोटं नाही. पण त्याच्याही आधीचं एक आहे. हा कागद कुठे जायचा नाही, म्हणून लिहिते. शाळेतून आल्यावर मी तुला काहीबाही सांगत बसायचे, आणि तू दिवसभराची दमलेली, ऐकता ऐकता भिंतीला टेकून झोपी जायचीस. हॉटेलावरून रेडिओ ऐकू आला की मात्र डोळे उघडून कान द्यायचीस. मला वाटायचं, आपण त्या पेटीत गेलो, तर माय जागी राहील.