सोमवारची डांगरी

शनिवार, ३१ जानेवारी

पोचले एकदाची! सिडनीपासून चार तासांवर, या मुरांडीत माझ्या नावावर घर आहे, हे तीनदा मोठ्यानं म्हणून पाहिलं. तीन खोल्या, मागे पडवी, अंगणात कपडे वाळत घालायची, छत्रीसारखी गरगर फिरणारी वलणी आणि फळांनी लगडलेलं लिंबाचं झाड. तीस वर्षं शाळेच्या कँटीनमध्ये उभी राहून सॉसेज रोल गरम केले, ते सार्थकी लागलं. भिंती मात्र जुन्या सिमेंटच्या पत्र्याच्या, म्हणजे ॲस्बेस्टॉसच्या. या गावातली सगळीच घरं तशी. पत्र्याचा कारखानाच इथे होता. आता तिथे नुसतं गवत आहे.

मार्चअखेर माझी मुलगी रेने नातीला, एडीला, घेऊन कायमची राहायला येणार. एडी आठ महिन्यांची. सातव्या महिन्यातच जन्मली, त्यामुळे छाती नाजूक. रेनेची एकच अट आहे : आई, घर चांगल्या माणसाकडून तपासून घे आणि कागद मला पाठव, कागद नाही तर मी येणार नाही. शाळेत असल्यापासून अशीच हुकूम सोडते.

धुण्याच्या खोलीत दाराआड, खिळ्याला एक निळी डांगरी, कामगार अंगभर घालतात तसली, टांगलेली सापडली. कापड अजून दणकट आहे. रंगकामाला होईल.

सोमवार, २ फेब्रुवारी

सोमवार म्हणजे धुण्याचा वार, ही आईने लावलेली सवय. डांगरी टाक्यात भिजवण्याआधी पडवीच्या कठड्याशी उभी राहून तीनदा झटकली. पांढरी धूळ उडाली, मला शिंका आल्या.

कुंपणापलीकडे शेजारची नोएलीन केकची ताटली घेऊन उभी होती. वय ऐंशीच्या पुढे, जीभ विशीतली. म्हणाली, अगं बाई, मला वाटलं आयरिसच आली परत. आयरिस कूट म्हणजे आधीची मालकीण. नवऱ्याची डांगरी ती दर सोमवारी दहा वाजता अशीच झटकायची, मोजून तीन वेळा. गल्लीतल्या सगळ्याच बायका झटकायच्या म्हणे, नुसता ढग उठायचा. नवरा एकोणतीस वर्षं कारखान्यात होता, त्याला साधा खोकला झाला नाही. आयरिसने कारखान्याचं फाटकसुद्धा ओलांडलं नव्हतं आणि छातीने गेली ती. एवढं सांगून नोएलीनने विचारलं, केकवर खोबरं कमी पडलंय का गं?

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला : ही ॲस्बेस्टॉसचीच धूळ, श्वासातून छातीत जाऊन बसणारी. असा राग आला स्वतःचा! पडवी ओल्या फडक्याने दोनदा पुसली. डांगरी दुहेरी पिशवीत बांधली आणि महापालिकेच्या धोकादायक कचऱ्याच्या जागी स्वतः नेऊन दिली.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

तपासनीस आला, डॅरिल. गावात सगळे त्यालाच बोलावतात. हसरा, गोड माणूस. बूट न काढता आत आला, दोन कप चहा प्यायला, बोटाच्या पेराने भिंतींवर टकटक केलं आणि म्हणाला, मावशी, निर्धास्त राहा, नातीला खुशाल रांगू द्या, मी याच पत्र्यांत वाढलो, बघा कसा बैलासारखा आहे. वीस मिनिटांत शिक्का मारलेला कागद हातात ठेवला : घर सुरक्षित.

संध्याकाळी नोएलीन म्हणाली, चांगलाच आहे गं तो, ज्या दलालाने तुला घर विकलं त्याचा मेहुणा. कागद ड्रॉवरमध्ये टाकला. कँटीनमध्ये वास न घेता दुधाची बाटली कधी उघडली नाही मी. दुसरा माणूस शोधायचा.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

ही खरी तपासनीस. वासो नाव, आईबाप ग्रीक, सिडनीहून चार तास गाडी चालवत आली. फोनवरच मी विचारलं, पत्रे काढायचं कामही करता का? तर फटकन म्हणाली, काढणाऱ्याने तपासायचं नसतं आणि तपासणाऱ्याने काढायचं नसतं, मी फक्त सांगते. तेव्हाच ठरवलं, हीच.

बूट बाहेर. पांढरा पोशाख, तोंडाला मास्क. भिंतीचा नखाएवढा तुकडा ओला करून काढला, दोन पिशव्यांत घातला, भोक लगेच बुजवलं. चहा नको म्हणाली. जिथे हात पोचला नाही त्या जागाही लिहून घेतल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीत थांबली. चौकटीवर पांढरी धूळ होती. मी म्हटलं, मागच्या आठवड्यातही होती, पुसली होती, कालपासून परत आलीये. तिने चिकटपट्टीवर ती उचलून घेतली आणि विचारलं, कारखान्याचे कपडे वगैरे आहेत का घरात? होते, टाकले, म्हणून सांगितलं.

बुधवार, २५ फेब्रुवारी

वासोचा अहवाल आला. भिंतींत ॲस्बेस्टॉस आहे, पण घट्ट आहे, रंग शाबूत आहे. हात लावू नका, काही होणार नाही. खिडकीतली धूळ मात्र सुट्या तंतूंची, सगळ्यात वाईट. आणि ती घरातली नाही. माळा, फटी, सगळं तिने पाहिलंय. फोनवर म्हणाली, मर्लताई, ही धूळ कुणीतरी बाहेरून आणतंय. ते सापडेपर्यंत बाळाला इथे आणू नका, सांगून ठेवते, रागावलात तरी चालेल.

रागावले. मग बसून राहिले. घरात कोण येतं? मी, आणि केक घेऊन नोएलीन.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

नोएलीनला विचारलं, माझ्या पडवीत कुणी येतं का? म्हणाली, कुणी येतं काय, तूच असतेस की! दर सोमवारी दहाला, ती निळी डांगरी घेऊन. हाक मारली तर वळूनही बघत नाहीस. आयरिसलाही मेलीला तेवढ्या वेळात ऐकू जायचं नाही.

धुण्याच्या खोलीत गेले. दाराआड खिळ्याला डांगरी होती.

मी घाबरायला हवं होतं. दार लावलं आणि बटाटे सोलले.

सोमवार, २ मार्च

डांगरी काल परत त्या कचऱ्याच्या जागी नेऊन दिली. तिथल्या माणसाने ओळखलं. म्हणाला, काकू, कपाटच रिकामं करताय का?

आज नऊलाच खुर्चीत बसले, समोर घड्याळ. नऊ पन्नास झाले.

अकरा वाजून गेलेत. मधलं काही आठवत नाही. चौकटीवर धूळ आहे. पुसली.

गुरुवार, ५ मार्च

रेनेचा फोन. तिच्या भाड्याच्या घराचा करार महिनाअखेर संपतोय, सामान बांधायला घेतलंय. विचारत होती, कागद कुठे आहे आई?

कागद दोन आहेत. डॅरिलचा पाठवला.

हे मीच केलं. गुरुवारी, दुपारी, पूर्ण शुद्धीत. खरा पाठवला असता तर ती आली नसती. एडीला मी दोनदाच पाहिलंय. एवढंच कारण. लाज वाटायला हवी, पण वाटत नाही. काहीच वाटत नाही.

सोमवार, ९ मार्च

पायाला वलणीची दोरी बांधून खाटेशी गाठ मारली होती. गाठ सुटलेली. दोरी नीट घडी करून ठेवलेली. मी अशी घडी घालत नाही.

बोटांची टोकं बधिर आहेत. चहा सांडला, भाजलं ते दिसलं तेव्हा कळलं.

मंगळवार, १७ मार्च

वासोचे चार फोन. पाचवा उचलला. तिने विचारलं, सापडलं का? म्हटलं, सापडलं, मिटलं सगळं. हवा तपासायला येते म्हणाली. नको म्हटलं. मग म्हणाली, मर्लताई, मुलीचा नंबर द्या. मी फोन ठेवला.

सोमवार, २३ मार्च

डांगरी टाकणं बंद केलंय. खिळ्यावरच असते. माझ्या मापाची झाली आहे.

काल कुंपणापाशी नोएलीनने आयरिस म्हणून हाक मारली. ओ दिली मी.

शनिवार, २८ मार्च

आल्या. एडी माझ्या खांद्यावर झोपली, मानेशी तिचा श्वास. बारीक शिट्टी वाजते त्यात. रेने म्हणते, डॉक्टर म्हणतात मोठी झाली की जाईल, फक्त हवा चांगली हवी.

सांगणार होते तेव्हाच. तोंड उघडलंही. लिंबाचं सरबत करू का, विचारलं.

रविवार, २९ मार्च

आज सांगायचं. अहवाल उशीखाली काढून ठेवलाय. जेवण झाल्यावर—

जेवण झालं. रेने भांडी घासताना गुणगुणत होती. दोन वर्षांत ऐकलं नव्हतं. उद्या सांगेन. दहाच्या आत. नाही तर ही वहीच टेबलावर उघडी ठेवेन.

सोमवार, ३० मार्च

नऊ चाळीस. वही टेबलावर. रेने नाहतेय. बाहेर आली की वाचेल. रेने, वासोचा अहवाल उशीखाली आहे. डॅरिलचा कागद खोटा. एडीला उचल आणि आधी गाडीत बस, मग काय वाटेल ते बोल मला—

नऊ बावन्न. पाणी अजून वाहतंय. एडी रांगत पडवीत आली आहे. कठड्याखाली बसून वर बघतेय. हसतेय. रेनेला हाक मारली. आवाज निघाला नाही.

वही पडवीत आहे. मी नाही आणली. हातात डांगरी. जड आहे, धुळीने भरलेली.

एडी हात वर करतेय, घे म्हणून

घेते गं राणी, हे एवढं झालं की

एक

दोन